अडचण आली तर या

लातूर, ३ मार्च १९८६

चि. शिवगंगा हिला मल्लम्मा अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रत्नम्माचं लग्न ठरलं, ११ मे तारीख धरली, वाचून जीव गार झाला. आपल्या दोघी बहिणींत मिळून एकच पोरगी, तिचं तरी भर उन्हाळ्यात करायचं होतं का. पण नांदेडला तुमची गोदावरी हाय, तुम्हाला काय फिकीर.

इथली हालत विचारू नको. नळाला आठव्या दिवशी पाणी येतंय, ते पण करंगळीएवढं. सून शेजारच्या बायांना सांगत फिरती, आमच्या आत्याबाई दिवसाला दोन पेल्यांवर भागवतात, पाणी वाचवायचं त्यांच्याकडून शिकावं. मी गप ऐकून घेते. फुकटचं नाव होतंय तर होऊ द्यावं.

बाकी गाव लई बदललं. जिल्हा झाल्यापासून साहेबलोकांच्या बायका आपल्या दुकानात स्टीलची भांडी घ्यायला येतात आणि भांड्यावर नावं कोरून मागतात. तुझे दाजी खूश हायेत. एवढ्या दुष्काळात ह्या हंड्यांत काय भरतात, ते एकदा विचारणार हाय मी.

लग्नाचं म्हणशील तर माझं यायचं काही खरं न्हाई. एसटीनं पाच तास. गुडघे धरलेत. चंद्रप्पा आणि सून येतील आहेर घेऊन. वाईट वाटून घेऊ नको.

उत्तर सांभाळून लिही. पत्र दुकानावर येतं. तुझे दाजी गल्ल्यावर बसून फोडतात आणि समोर गिऱ्हाईक असलं तरी मोठ्यानं वाचतात.

तुझी,
अक्का


नांदेड, ११ मार्च १९८६

ति. अक्कास शिवगंगाचा नमस्कार.

तुझे गुडघे दुखतात हे मला आज कळलं. सव्वीस वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली आहेत, अक्का. गुडघे दुखणारी बाई जिना टाळते, पाणी टाळत नाही. पाणी कोणती बाई टाळते ते मला माहीत आहे.

सव्वा वर्षापूर्वी तू नांदेडला आलीस तेव्हा इथल्या डॉक्टरांनी जी रिंग बसवून दिली, ती दर तीन महिन्यांनी काढून, धुऊन, तपासून परत बसवून घेतेस ना? तू प्रत्येक पत्रात 'सगळं ठीक' लिहीत गेलीस, म्हणून तू लातुरातच कुठंतरी दाखवत असशील असं मी धरून चालले.

दाजी, तुम्ही हे मोठ्यानं वाचत असाल, तर ही कुकरच्या रिंगची गोष्ट चालली आहे.

लग्नाला तू यायचंच आहेस. रत्नम्मा म्हणते, मावशी नसेल तर मुहूर्तच पुढं ढकला. ती ढकलणार नाही, पण म्हणते.

शिवगंगा


लातूर, १९ मार्च १९८६

चि. शिवगंगा,

तुझ्या पत्राचा असा परिणाम झाला की, तुझे दाजी संध्याकाळी दुकानातून कुकरची कोरी करकरीत रिंग घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून पायावर पाणी घ्यायला निघून गेले. आता घरात कुकर एक आणि रिंगा तीन झाल्या.

इथून पुढं माझ्या शेजारणीच्या, केवळाबाईच्या पत्त्यावर लिही. तिला वाचता येत न्हाई, त्यामुळं ती लई भरवशाची हाय.

आता खरं लिहिते. दर तीन महिन्यांनी जायचं हे तू कुठून काढलंस? नांदेडच्या डॉक्टरांनी मला तसं काहीच सांगितलं न्हाई. मी आत साडी नेसत होते, तेवढ्यात ते बाहेर जाऊन तुझ्या दाजींशी बोलले. तुझ्या दाजींनी मला परतीच्या एसटीत सांगितलं, लोहा गाव मागं पडल्यावर, खिडकीबाहेर बघत, 'अडचण आली तर या, म्हणले.' बस, इतकंच.

आता माझी अडचण जाऊन सात वर्षं झाली. चोपन्नाव्या वर्षी कुठली यायची. मी म्हणलं, डॉक्टर भला माणूस दिसतो, परत यायचं काम न्हाई हे किती अदबीनं सांगितलं. म्हणून मी गेले न्हाई. रिंग बसवली तिथंच हाय. सुरुवातीला लई आराम पडला. अंग बाहेर येईना, लघवीचं पण निम्म्यानं कमी झालं. आता परत गळतं. पाणी प्यायलं की गळतं, खोकलं की गळतं, म्हणून दोन पेले. सुनेला वाटतं मी दुष्काळासाठी करायले.

एक गोष्ट तुलाच लिहिते. वर्ष झालं, मी गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा केली न्हाई. गळ्यातच असू देते, वरून विभूती लावते. आपल्या लिंगायतांत बाईचा विटाळ धरत न्हाईत, अडचणीच्या दिवसांत सुद्धा मी कधी पूजा चुकवली न्हाई. पण ह्याचं काय करायचं, ते कुणी सांगून ठेवलेलं न्हाई. पूजा सांगणाऱ्या अय्यांना विचारावं तर कोणत्या तोंडानं. सकाळी घरातले सगळे पूजेला बसले की मी चुलीपाशी काम काढते. ह्याचं मला लई वाईट वाटतं.

अक्का


नांदेड, २४ मार्च १९८६

ति. अक्का,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी हसू आलं. मग रजेवरून परत आल्यासारखी डोक्यात सिस्टर जागी झाली आणि हसू गेलं.

डॉक्टर 'अडचण' म्हणाले ते पाळीला नव्हे. त्रास या अर्थानं म्हणाले. पुरुष आणि डॉक्टर हा शब्द त्रासासाठी वापरतात, आपण दुसऱ्यासाठी. ते तुझ्याशी बोलले असते तर त्यांना कळलं असतं. आणि 'अडचण आली तर या' हे अर्धंच वाक्य आहे. पुढचं किंवा मागचं अर्धं कुठं गळालं, ते दाजींना ठाऊक.

नीट समजून घे. तुझं अंग खाली उतरलं आहे, धाकट्याच्या बाळंतपणापासून, म्हणजे वीस वर्षं. ते वर धरून ठेवायला आत रबराची रिंग आहे. तिनं दुखणं बरं होत नाही, सांभाळलं जातं. रबर आत राहून खराब होतं, घासतं, तिथं जखम होते. म्हणून ती तीन-तीन महिन्यांनी काढून आतली जागा बघायची असते. बरं वाटत असलं तरी बघायची. तू सव्वा वर्ष ती तशीच ठेवली आहेस.

आणि पाणी पी. कमी पाण्यानं लघवी जळजळीत होते आणि जास्त वेळा लागते. दुष्काळाला तुझ्या चार पेल्यांनी काही फरक पडणार नाही.

लातुरात बायकांच्या एक डॉक्टरीणबाई नवीन आल्या आहेत. माझ्याबरोबर शिकलेली एक सिस्टर त्यांच्याकडं आहे. दर गुरुवारी दुपारी ही दुखणी बघतात. पत्ता मागे लिहिला आहे. येत्या गुरुवारी जा. चंद्रप्पाला सांग, सुनेला सांग, नाहीतर केवळाबाईला घेऊन जा, पण जा. घाण वास, पांढरं पाणी, रक्त, असं काही आहे का ते मला उलट टपाली लिही.

शिवगंगा


लातूर, ९ एप्रिल १९८६

चि. शिवगंगा,

तुझं पत्र काल मिळालं. पत्त्यावर तू 'जि. उस्मानाबाद' लिहिलंस, म्हणून ते आधी तिकडं फिरून आलं. आम्ही जिल्हा होऊन चार वर्षं झाली बाई. एवढी कलेक्टरची कचेरी झाली, गाड्यांवर लाल दिवे आले, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला पत्ता न्हाई. मला शब्दाचा अर्थ शिकवतेस, आधी जिल्हा तर नीट लिही.

तू सांगितलेला गुरुवार त्यामुळं गेला. पुढच्या गुरुवारी केवळाबाईला वेळ न्हाई, तिच्या दारात टँकर येतो. त्याच्या पुढच्या गुरुवारी बघते.

तू विचारलंस म्हणून लिहिते. पांढरं पाणी हाय, चार-सहा महिन्यांपासून. वास पण येतो. मी कडुलिंबाचा पाला घालून पाणी घेते, जेवढं पाणी असतं तेवढ्यात.

आणि एक नवल झालं. तुझं पत्र यायच्या आधीच, चार-पाच दिवसांमागं, माझी अडचण परत आली. सात वर्षांनी. थोडीच, पण लाल. मी तर घाबरलेच न्हाई, उलट मनात म्हणलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे आता जायला पाहिजे. मग वाटलं, पहिलीच खेप हाय, एक महिना बघावं. तुझं पत्र वाचल्यावर मात्र महिनाभर थांबायचं मनाला पटेना. ही अडचण माझ्यातली हाय का डॉक्टरांतली, ते तूच सांग.

आपल्या आईला शेवटी असंच झालं होतं ना? उदगीरला मागच्या खोलीत तिची बाज होती. आपल्याला कुणी काही सांगितलं न्हाई. तुझे दाजी विचारतात, बरं दिसत न्हाई, काय होतंय. मी गुडघे म्हणते.

अक्का


नांदेड, १२ एप्रिल १९८६

ति. गुरुबसप्पा दाजी यांस शिवगंगाचा सा. नमस्कार.

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवत आहे. कृपा करून मोठ्यानं वाचू नका.

अक्काला रक्त जात आहे. तिच्या वयात पाळी बंद झाल्यावर रक्त जाणं हे कधीही 'एक महिना बघू' या खात्यात घालायचं नसतं. रिंग सव्वा वर्ष काढलेली नाही. आत जखम झाली असेल. दुसरंही काही असू शकतं, ते तपासल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. मी तिला घाबरवलेलं नाही, तुम्हाला घाबरवते आहे.

तिनं मला गुप्तता राखायला सांगितलं होतं. मी ती मोडली आहे. ती रागावेल. रागवायला ती हवी, म्हणून मोडली.

येत्या गुरुवारी, १७ तारखेला, खालच्या पत्त्यावर तिला घेऊन जा. तुम्ही स्वतः जा. आणि मला एक गोष्ट कळवा: नांदेडच्या डॉक्टरांनी तुम्हाला नेमकं काय सांगितलं होतं?

आपली,
शिवगंगा


लातूर, १८ एप्रिल १९८६

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

सौ. शिवगंगाबाई यांस गुरुबसप्पा यांचा नमस्कार. वि. वि.

आपले ता. १२ चे पत्र ता. १५ रोजी पोचले. मोठ्याने वाचले नाही. दुकान अर्ध्या दिवसाने बंद केले.

काल गुरुवारी मल्लम्माला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी रिंग काढली. काढायला वेळ लागला. मल्लम्माचा आवाज बाहेर आला नाही, यावरून तिला किती दुखले असेल ते मला समजते. आत जखम आहे. रिंग परत बसवली नाही. रोज औषधाची पट्टी ठेवायची आहे, ती ठेवायला त्यांच्याकडील सिस्टर घरी येते. जखमेचा एक तुकडा तपासणीस सोलापूरला पाठवला आहे. उत्तरास दोन-अडीच आठवडे लागतील.

आपण विचारले, नांदेडचे डॉक्टर काय म्हणाले. ते म्हणाले, 'दर तीन महिन्यांनी आणा. अडचण आली तर त्याच्या आधी या.' त्या वेळी व्हरांड्यातील बाकावर भांड्याचे एक ठोक व्यापारी बसले होते, माझ्या ओळखीचे. मी डॉक्टरांपुढे नुसती मान हलवली. एसटीत मल्लम्माला सांगताना पहिला भाग सांगितला नाही. विसरलो नव्हतो. वर्षातून चार वेळा त्या बाकावर बसायचे माझ्या जिवावर आले. अडचण आल्यावर बघू असे मनात धरले. तिने त्या शब्दाचा असा अर्थ घेतला हे मला ता. १५ रोजी तिने सांगितले तेव्हा कळले. छत्तीस वर्षांच्या संसारात आमचे त्या विषयावर बोलणे झालेले नव्हते.

आपल्या मार्चच्या पत्रातील रिंग कुकरची नव्हे, हेही मला तेव्हाच समजले होते. तरी मी कुकरची आणून दिली. ती हातात घेताना मल्लम्मा हसली, म्हणून बरे वाटले आणि मी तेवढ्यावर राहिलो.

चूक माझी आहे. उत्तर वाईट आले तर ती कशाने भरून निघेल हे मला माहीत नाही. घरात सध्या मी चहा करतो. तो बरा होत नाही.

आपला,
गुरुबसप्पा


लातूर, २८ एप्रिल १९८६

शिवगंगे,

तुझ्यावर मी रागावले हाय, हे आधी लिहून टाकते. वीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट तू दुकानाच्या गल्ल्यावर पाठवलीस. तुझे दाजी त्या दिवशी दुपारी घरी आले तेव्हा मला वाटलं दुकानाला आग लागली. माझ्यासमोर बसले. मग म्हणले, 'तीन महिन्यांनी म्हणले होते.' मला काही समजेना. हळूहळू समजलं. मग मी त्यांना माझं समजणं सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले आणि मला हसू फुटलं, रडू पण फुटलं. सून दारातून बघून गेली.

राग त्यांचा पण आला, गंगे. लई आला. दोन दिवस मी बोलले न्हाई. एका बाकावर बसायची लाज वाटली म्हणून माझ्या अंगात जखम झाली, ह्याचं काय करायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी केलेला चहा पिला आणि दया आली. साखर होती, पण चहाच न्हवता.

डॉक्टरीणबाई वयानं आपल्या रत्नम्माएवढी हाय. तिनं मला विचारलं, काय होतं? मी म्हणलं, अडचण हाय. ती म्हणली, कसली? मी म्हणलं, खालची. ती म्हणली, काकू, नाव घ्या, मला नावानं औषध देता येतं. मग मी म्हणलं, मला लघवी थांबत न्हाई, अंग बाहेर येतं आणि रक्त गेलं. तोंडातून निघाल्यावर बघितलं, छत जागेवरच होतं.

लग्नाला येता येणार न्हाई. जखम भरेपर्यंत एसटीत बसायचं न्हाई, असं त्यांनी सांगितलं. ह्या वेळी गुडघे न्हाईत, खरं कारण हाय. रत्नम्माला काय सांगायचं ते तू सांग, पण खोटं सांगू नको.

सोलापूरचं उत्तर आलं न्हाई. मी मरणाला भीत न्हाई असं सगळ्यांना सांगते. तुला सांगते, भीते. मला मागच्या खोलीत बाज नको.

अक्का


लातूर, ७ मे १९८६ (पोस्टकार्ड)

सौ. शिवगंगाबाई यांस नमस्कार. वि. वि. सोलापूरचे उत्तर आज आले. तपासणीत वाईट काही नाही. जखम घासल्याची आहे, भरत आली आहे. कार्ड उघडे आहे, पोस्टमनही वाचील, वाचू द्यावे. लग्नकार्य यथास्थित पार पाडावे. गुरुबसप्पा.


नांदेड, १४ मे १९८६

ति. अक्का,

दाजींचं कार्ड १० तारखेला आलं. मांडवात दोनशे माणसांच्या पाण्याची चिंता चालली होती, मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून पाच मिनिटं रडले, तोंड धुतलं आणि परत आले. कुणाला वाटलं लेकीसाठी रडले. त्यातही खोटं नव्हतं.

लग्न झालं. टँकर वेळेवर आला, लग्न लावणारे अय्या उशिरा आले. तुझी सून निळ्या साडीत शोभत होती. रत्नम्माला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, 'मग मावशीनं हे आधीच का नाही सांगितलं?' मी म्हटलं, तुला मूल झालं की तूही काही गोष्टी सांगणार नाहीस, आणि तेव्हा मला ही गोष्ट आठवेल.

आता पुढचं. जखम भरली की डॉक्टरीणबाई नवी रिंग बसवतील. त्यानंतर तीन महिन्यांनी. पुन्हा तीन महिन्यांनी. ऑपरेशन करायचं की नाही ते त्या तुला बघून ठरवतील. ऑपरेशन केलं आणि सगळं थांबलं, तरी वर्षातून एकदा दाखवायचं. हे दुखणं पाहुण्यासारखं येऊन जाणारं नाही, घरातल्या माणसासारखं आहे, त्याची विचारपूस ठेवावी लागते. आणि त्यांनी शिकवलेला, आत आवळून धरायचा व्यायाम रोज कर, भाजी निवडताना सुद्धा होतो.

तुझा राग मला मान्य आहे. पूजेचं मात्र मी अय्यांना विचारलं, लग्नातच. नाव तुझं घेतलं नाही, दवाखान्यातली एक बाई म्हटलं. ते हसले. म्हणाले, देह आहे तर देहाचं सगळं असणार, लिंग त्याच देहावर बांधलेलं असतं, सिस्टर, ते कुठं तक्रार करतं. मला सव्वीस वर्षांत हे सुचलं नव्हतं.

शिवगंगा


लातूर, १९ ऑगस्ट १९८६

चि. शिवगंगा हिला अक्काचे आशीर्वाद.

पाऊस यंदाही न्हाई. ढग येतात, गावाला बघून जातात. नळ आता दहाव्या दिवशी आला. बाकी घरी खुशाल.

अय्यांचं तू लिहिलंस तेव्हापासून मी सकाळी पूजेला बसते. पहिल्या दिवशी लिंग हातावर घेतलं तर हात ओळखीचाच राहिला न्हवता. आता रोजचं झालं.

गुरुवारी तीन महिने पुरे झाले, म्हणून दवाखान्यात गेलो. ह्या खेपेला तुझे दाजी बाहेर पानपट्टीपाशी थांबले न्हाईत, ओसरीत येऊन बाकावर बसले. टोपी नीट केली आणि समोरच्या भिंतीकडं बघत बसले. आत डॉक्टरीणबाईंनी रिंग काढून बघितली, धुतली, बसवली. सगळं कोरडं आणि चांगलं हाय म्हणाल्या. लघवी अजून कधी कधी सुटते, हसताना जास्त, पण लुगडं बदलायची वेळ आठवड्यातून एखादवेळेसच येते. थंडीत ऑपरेशनचं बघू म्हणाल्या. मी म्हणलं, बघू.

मग त्या माझ्याबरोबर बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर तुझ्या दाजींना विचारलं, 'काका, आता कधी आणणार?' ओसरीत पंधरा-वीस माणसं होती. त्यात आपल्या दुकानाची दोन गिऱ्हाईकं. तुझे दाजी उभे राहिले, घसा साफ केला आणि दुकानात भाव सांगतात त्याच आवाजात म्हणले, 'तीन महिन्यांनी. नोव्हेंबरच्या तेरा तारखेला, गुरुवारी. त्रास नसला तरी आणीन. आणि रक्त गेलं, ताप आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी.' मला पदर तोंडावर घ्यावा वाटला. घेतला न्हाई. छत्तीस वर्षांत हा माणूस माझ्याविषयी चारचौघांत काही बोलला तो ह्याच दिवशी, आणि बोलला तर हे बोलला. पण मला ते गोड लागलं.

आम्ही निघणार, तेवढ्यात बाकाच्या टोकाला बसलेला एक शेतकरी उठून आला. किल्लारीकडचा, ग्यानोबा म्हणून. तुझ्या दाजींना बाजूला घेऊन हळू म्हणला, 'सावकार, आमच्या मंडळीला पण तेच हाय. बारा वर्षं झाली. मागं एकदा दाखवलं होतं. सारखं सारखं दाखवावं लागतं का हो?' तुझे दाजी म्हणले, 'लागतं.' मग खाली बसून त्याला समजावायला लागले, तीन महिने कसे धरायचे, डॉक्टर बोलतात तेव्हा बाईला समोर ठेवायचं, त्यांचा एकही शब्द आपल्या मनानं गाळायचा न्हाई.

मी विचारलं, बाई कुठं हाय? त्यानं बोट दाखवलं. सगळ्यांपासून लांब, बाहेरच्या पायरीवर, पोत्याची घडी घालून त्यावर एक बाई बसली होती. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. लुगडं मागं ओलं होतं, ते तिनं पायाखाली दाबून धरलं होतं.

मी जाऊन तिच्याशेजारी बसले. ती वीतभर लांब सरकली. मला वास येऊ नये म्हणून सरकली. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मातीला, देवळात, स्वतःच्या घरात, मी अशी वीस वर्षं सरकत आले, म्हणून मला ते लगेच कळलं.

मी पण वीतभर सरकले. ती परत सरकली. मी परत सरकले. पायरी संपली तेव्हा ती थांबली आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

मग मी तिला तिचं नाव विचारलं. गुणाबाई म्हणली.

तुझी,
अक्का